सामेलकाकांची बेस्तवारची पेशी

आमच्या गल्लीत एक कोर्ट आहे. त्यात न्यायाधीश सामेलकाका आणि शिपाईही सामेलकाकाच. मी त्यांच्यापासून दोन हातांवर खुर्चीत बसलेली असते, तरी ते ओट्यावर उभे राहतात, तोंड रस्त्याकडे करतात आणि मान वर करून ओरडतात, "गिरणीवाल्या शांताबाई हाऽऽजिर हो!" रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चाललेला असेल तर ड्रायव्हर दचकून वळून बघतो. मी म्हणते, "अहो काका, ही काय, इथंच बसलेय." मग ते खाली बसतात, चष्मा लावतात आणि जन्मात पहिल्यांदा बघितल्यासारखं विचारतात, "कोन आपन?"

काका कोर्टात शिपाई होते. सगळी नोकरी लोकांची नावं पुकारण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, शेळ्या पाळतात. काका न्याय करायला लागले. त्यांना सांगितलं होतं कुणी? गंगाखेडात भांडणं मिटवायला माणसं कमी आहेत का? पण दोन बायका जरा आवाज चढवून बोलल्या की हे पंचा खांद्यावर टाकून हजर. "पेशी बेस्तवारी, सांच्याला. दोघी बी या." पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, बेस्तवार म्हणजे त्यांचा गुरुवार.

या सगळ्याच्या मुळाशी एलोन नावाचा गृहस्थ आहे. काका ख्रिस्ती. त्यांच्या पवित्र शास्त्रात जुन्या इस्राएल लोकांचे न्यायाधीश येतात, त्यातला हा एक. बाकीच्यांचे पराक्रम केवढे! कुणी सिंह फाडला, कुणी मूठभर माणसं घेऊन आख्खी फौज पळवली. एलोनबद्दल मात्र एवढंच, की त्यानं दहा वर्षं न्याय केला, मग तो मेला आणि त्याला पुरलं. खेळ खलास. चर्चचे पाळकसाहेबसुद्धा त्याचं नाव घाईघाईनं वाचून पुढं सरकतात. काका तिथंच अडून बसलेत.

"धा वर्षं न्याय केला एलोनसाहेबांनी," ते बोट नाचवून सांगतात. "येक तरी फैसला लिवलाय का? न्हाई! कामून न्हाई? दिलाच न्हाई! ह्याला म्हन्त्यात न्यायाधीश. ज्यांनी घाई केली त्यांचं काय झालं? त्या सिंह फाडनाऱ्याचे तर डोळे गेले."

पाळकसाहेबांनी एकदा समजावायचा प्रयत्न केला, की सामेलभाऊ, लिहिलं नाही म्हणजे दिलं नाही असं नसतं. काकांनी त्यांनाच पुढच्या बेस्तवारची पेशी दिली.

आता या कोर्टाच्या तावडीत मी कशी सापडले ते सांगते. माझ्या गिरणीला लागून सुमनचं घर. सुमन दवाखान्यात नर्स. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासूनची माझी मैत्रीण. तिच्या शेवग्याच्या फांद्या माझ्या पत्र्यावर आल्या. पाला पडून पन्हाळ तुंबलं आणि पाणी थेट गिऱ्हाइकाच्या ज्वारीत. किती वेळा सांगितलं! "बघू गं, बघू गं." शेवटी ती ड्युटीवर असताना मी फांदी तोडून घेतली. शेंगांनी लगडलेली होती, हे खरं. संध्याकाळी ती भर गल्लीत मला चोरटी म्हणाली. मीही मग तोंड आवरलं नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. एरवी मी कुणाला भीक घालत नाही, पण सुमन समोरून मान फिरवून गेली की मला जेवण जायचं नाही.

काकांनी खटला ताब्यात घेतला. पहिला नियम, चहा घेतल्याशिवाय जबानी नाही. चहा स्वतः करणार आणि त्यात आलं इतकं, की साक्षीदाराच्या डोळ्यांत आपोआप पाणी. मग उलटतपासणी.

"शांताबाई, आज कालवन काय केलं?"

"काका, त्याचा शेवग्याशी काय संबंध?"

"कोर्टाला कळू द्या."

"वांगं."

"सुमनबाई, गुडघा कसा हाय? जिना चढता येतो का?"

सुमन दातओठ खात म्हणायची, "येतो."

एकदा त्यांनी झाडाकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता निकाल येणार. तर विचारतात, "ह्याच्यावर पोपट बसत्यात का?"

"बसत्यात," सुमन म्हणाली.

"मंग त्यांची बाजू बी बघावी लागंल. पुढची पेशी बेस्तवारी."

आख्खा उन्हाळा असा गेला. शेवटी एका बेस्तवारी ओट्याच्या पायऱ्या उतरताना सुमन माझ्याकडे न बघता पुटपुटली, "ह्यांचा फैसला व्हायच्या आत झाड म्हातारं होऊन पडंल." मी हसले. हसायचं नव्हतं, पण फिसकन हसले. तीही हसली. तशाच दोघी गिरणीत जाऊन बसलो आणि चहा निवायच्या आत सगळं मिटवलं. पत्र्यावरच्या फांद्या तिनं काढायच्या, शेंगा निम्म्या निम्म्या. एवढ्यासाठी इतके महिने गेले!

पुढच्या बेस्तवारी आम्ही मुद्दाम गेलो. खरं सांगते, म्हाताऱ्याची फजिती बघायलाच गेलो.

"काका, तुमच्याशिवाय मिटलं बरं का," मी ठसक्यात म्हणाले.

काका पुकारा करायला उभे राहिले होते. तसेच उभे राहिले. "बरं झालं," म्हणाले. मग पंचा खांद्यावर सारखा करत, "समदं मिटलं? थोडंबी न्हाई ऱ्हायलं?"

"काहीच न्हाई," सुमन म्हणाली.

"बरं झालं," पुन्हा म्हणाले आणि खाली बसले.

सुमनला राहवेना. "काका, एवढी सोपी गोष्ट. तुमी एका दिवसात निकाल दिला असता. कामून दिला न्हाई?"

"दिला होता की येकदा," काका म्हणाले. "घरच्याच तंट्यात. पोरांची वाटनी होती. थोरला, धाकला दोघं दर आठवड्याला यायचे, भांडायचे, इथंच जेवायचे. पोरांची माय, मार्था, म्हन्ली, घाई करू नगा. म्या ऐकलं न्हाई. येका बैठकीत फैसला केला. असा चोख, की दोघं बी राजी. येक पुन्याला गेला, येक हैदराबादला." पंच्यानं त्यांनी उगाच चष्मा पुसला. "मार्थाच्या मातीला आले, सांच्याच्या गाडीनं माघारी गेले. भांडन न्हाई काही. अजून बी राजीच हाईत."

फजिती बघायला आले होते ना मी! स्वतःचाच राग आला. मग जे तोंडात आलं ते बोलले. "काका, ही सुमन म्हणते तसं न्हाई. मला ते निम्म्या शेंगांचं पटलेलं न्हाई."

सुमननं माझ्याकडे बघितलं. एक क्षणच. मग पदर खोचून म्हणाली, "मंग मला बी फांद्यांचं पटलेलं न्हाई!"

काकांनी चष्मा लावला. आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, बराच वेळ.

"तुमी दोघी बी खोटं बोलायलात," म्हणाले.

पोरांच्या वाटणीनंतर त्यांनी दिलेला हा पहिला फैसला. आणि काय खोटं होतं त्यात? आम्ही दोघी माना खाली घालून बसलो. काकांनी पुढची पेशीसुद्धा दिली नाही.

पुढच्या बेस्तवारी मी गिरणी जरा लवकर बंद केली. गेले तर सुमन आधीच ओट्यावर बसून शेंगा मोडत होती.

"किती उशीर," ती हळूच म्हणाली. "काका सारखे दारात येऊन बघायलेत."