ब्रेक म्हणजे बिल

आमच्या शेजारच्या बोधनकरांनी आपल्या मुलीला गाडी शिकवली ती मांडीवर ताकाची वाटी घेऊन.

थट्टा करत नाहीये मी. या डोळ्यांनी पाहिलंय. अमेरिकेत मॉरिसव्हिलला नवीनच राहायला आलो होतो, मी टपाल काढायला मेलबॉक्सपाशी उभी होते, आणि समोरून त्यांची गाडी अगदी रांगत आली. स्टीअरिंगवर रेवा, वय पंधरा-सोळा, घामाघूम झालेली. शेजारी बोधनकर. त्यांच्या मांडीवर स्टीलचं ताट, ताटात वाटी, वाटीत काठोकाठ ताक. आणि हा गृहस्थ रस्त्याकडे नाही, वाटीकडे बघतोय! माझ्या हातातली पाकिटं गळून पडली.

"अहो, हे काय चाललंय?" ओळखदेख नसताना मी ओरडले.

त्यांनी शांतपणे काच खाली केली. "ब्रेकिंग, वहिनी. ताक सांडलं म्हणजे ब्रेक जोरात लागला. अन् ब्रेक म्हणजे बिल!"

"मग पाणी घ्या की! ताक कशाला?"

"पाणी वाळून जाते नं. ताकाचा वास राहते. वास राहिला का चूक ध्यानात राहते."

मागून हॉर्न वाजला, रेवा दचकली, आणि ती चूक बोधनकरांच्या पँटवर सांडली. "बाबा, आय काण्ट डू धिस!" असं म्हणून पोरगी रडायच्या बेतात. बोधनकर मात्र रुमालानं पँट पुसत म्हणाले, "पुन्हा. घरून ताक आण."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, शेजारचा माणूस वेडा आहे, मुलाला तिकडे पाठवायचं नाही. नवरा म्हणाला, "नागपूरचा आहे, एवढंच." सुधीरला कशाचंच काही वाटत नाही. धक्के बसायचं डिपार्टमेंट आमच्या घरात माझ्याकडे आहे.

पुढे आमच्या ओजसचं लर्नर्स परमिट झालं, लायसन्सची वेळ आली, आणि गाडीच्या इन्शुरन्सचं नवं कोटेशन हातात पडलं. अगं आई गं! मला वाटलं, चुकून घराचा हप्ता आलाय. घरात एक मिसरूड फुटलेलं पोर, त्यानं अजून गल्लीचं वळणसुद्धा धड घेतलं नाही, आणि कंपनी आमच्याकडून असे पैसे मागत होती, जणू त्यानं दोन-चार गाड्या आधीच ठोकून ठेवल्यात. मी फोनवर त्या बाईला म्हटलं, "बट ही हॅज नॉट डन एनीथिंग!" ती गोड आवाजात म्हणाली, "नॉट येट, मॅम."

नॉट येट! मी तशीच चपला घालून बोधनकरांच्या दारात.

त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, बायकोला हाक मारली, "सुषमा, पोहे टाक, वहिनींना कोट आला." कोणाच्या घरी कोणी गेल्यावर विचारतात तशा आवाजात त्यांनी मला आकडा विचारला. मी सांगितला. त्यांनी डोळे मिटले.

"वहिनी, तुम्ही इन्शुरन्स भरून राहिले का दान करून राहिले?"

त्या दिवशी मला ज्ञान मिळालं. पोराला वेगळी पॉलिसी घ्यायची नाही, आपल्याच पॉलिसीत टाकायचं. घराचा आणि गाडीचा इन्शुरन्स एकाच कंपनीत बांधायचा. जुन्या गाडीवर सगळं कव्हरेज ठेवायचं नाही. अपघात झालाच तर पहिला खर्च आपण सोसायचा, तो आकडा वाढवून घ्यायचा, म्हणजे हप्ता उतरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोराच्या फोनवर कंपनीचं ते ॲप टाकायचं, जे कोण किती जोरात ब्रेक मारतो, वळतो, पळवतो ते बघतं आणि स्कोअर देतं. स्कोअर चांगला तर हप्ता कमी. ताकाच्या वाटीचं शास्त्र मला तेव्हा समजलं.

पण शास्त्र वेगळं आणि बोधनकर वेगळे. एकदा आम्ही सगळे एका गाडीतून मंडळाच्या दिवाळीला निघालो होतो. सुधीर चालवत होता. समोर हरीण आलं, त्यानं कचकन ब्रेक मारला. मी किंचाळले, ओजस किंचाळला, आणि मागच्या सीटवरून बोधनकर त्या सगळ्यांच्या वर ओरडले, "अहो, माझ्या फोनमधे ॲप चालू आहे!" हरीण वाचलं की मेलं, याची त्यांना फिकीर नाही. पुन्हा आमच्या गाडीत बसले ते फोन घरी ठेवून.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तर कहर झाला. ते लोक नागपूरला गेले आणि रेवाच्या फोनमधलं ॲप बंद करायचं राहिलं. आता ही मुलगी मामाबरोबर ऑटोतून सीताबर्डीला फिरतेय. ऑटोवाला राँग साइडनं घालतोय, गाईला ब्रेक मारतोय, डिव्हायडरच्या फटीतून वळतोय. परत आल्यावर बोधनकरांनी स्कोअर बघितला. कंपनीच्या नोंदीप्रमाणे त्यांची मुलगी महिनाभर जीव द्यायला निघाली होती. मग त्यांनी एजंटला फोन करून ऑटोरिक्षा ही काय वस्तू असते ते समजावलं. तीन चाकं, दारं नाहीत, वगैरे. एजंटनं सगळं टिपून घेतलं. शेवटी म्हणाला, "सर, अँड यू लेट हर गेट इन?"

मला सगळ्यात मोठा धक्का मात्र बसला तो मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतरच्या गप्पांत. आपल्या लोकांच्या गप्पा तुम्हाला माहीत आहेत. एकीचा मुलगा गणितात पुढच्या वर्षीचं करतोय, दुसरीची मुलगी रोबोटिक्समध्ये स्टेटला गेलीय. कोणीतरी विचारलं, "रेवाचं काय?" बोधनकर प्रसादाची वाटी पुसत म्हणाले, "बी ॲव्हरेज."

बी ग्रेड? आपल्या मुलीबद्दल, चारचौघांत, स्वतःहून?

"गुड स्टुडंटचं डिस्काउंट बीला भेटून जाते," ते म्हणाले. "ए प्लस आणला म्हणून इन्शुरन्सवाला काही जास्त देत नाही. काहून पोरीचा जीव घ्या?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मीच बी आणला होता.

गाडीही त्यांनी रेवाला अशी शोधून दिली की चोरानंसुद्धा हात जोडून परत आणावी. एका म्हातारीनं वर्षानुवर्षं फक्त चर्चला नेलेली, रंग बिस्किटाचा, लांबी बसची. वर त्यातही धडे चालूच, म्हणून ताकाच्या वासाचा कायमचा मुक्काम. रेवा ती शाळेपासून दोन गल्ल्या लांब पार्क करायची. "इट स्मेल्स लाइक अ गोट, मावशी," असं ती मला म्हणाली होती, आणि खोटं सांगत नव्हती.

दर सहा महिन्यांनी बोधनकरांकडे रिन्यूअलचा कार्यक्रम असायचा. हो, कार्यक्रमच. शनिवारी सकाळी शेजाऱ्यांना आमंत्रण, पोहे, चहा, आणि मधोमध टीपॉयवर स्पीकरवर टाकलेला फोन. एजंटनं आकडा सांगितला की बोधनकर "ओके, देन आय ॲम गोइंग" म्हणून खरोखर उठायचे आणि चप्पल घालून दारापर्यंत चालत जायचे. मी म्हटलं, "अहो, त्याला दिसतंय का तुम्ही निघालात ते?" तर तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. "आवाज लांब गेला पाहिजे नं, वहिनी!" आणि खोटं वाटेल, पण एजंट प्रत्येक वेळी हाक मारायचा, "सर? सर, आर यू देअर?" आणि काहीतरी कमी करायचा. सुधीर टाळ्या वाजवायचा. मला लाज वाटायची आणि ते आमच्यासाठीही करतील का असं विचारावंसंही वाटायचं.

रेवाला लायसन्स मिळून वर्ष झालं तरी बोधनकर संध्याकाळी तिच्या शेजारी बसून जायचेच. "स्कोअर घसरून राहिला," म्हणायचे. परत आल्यावर दोघं घरापुढच्या ड्राइव्हवेत गाडी उभी करून आतच बसायचे. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. मला वाटायचं, हा बाबा आता ब्रेकचा हिशोब घेत असणार, बिचारी पोर. पण तोंड तिचं चालू असायचं. हातवारे करून ती बोलत असायची आणि ते ऐकत.

मी सुषमाला विचारलं. ती म्हणाली, "घरात आली का खोलीचं दार बंद. आम्ही काही विचारलं का 'फाइन'. गाडीत बोलते तेवढीच. कोणाशी भांडली, कोण आवडते, काय व्हायचं आहे, सगळं यांना गाडीत कळते." मग हसली. "मला यांच्याकडून कळते."

आणि मग ॲडमिशनची पत्रं आली. जवळच्या विद्यापीठात मिळाली होती, इथून अर्ध्या तासावर. आणि दूर उत्तरेत ॲन आर्बरला मिळाली होती. सुषमाचा जीव जवळच्यात. रेवाही "जवळचंच बरं" म्हणत होती. आणि बोधनकरांनी काय करावं? ते गल्लीभर सांगत सुटले, "ॲन आर्बरच! मुलगी घरापासून शंभर मैलांच्या पलीकडे, गाडी न नेता शिकायला गेली, का मोठ्ठं डिस्काउंट आहे!"

मी म्हटलं, गंमत करत असतील. छे! जेवताना तेच, मंडळात तेच, रेवासमोर तेच. "जा बाप्पा, माझा हप्ता उतरू दे." सुषमा पदर डोळ्यांना लावायची आणि हे खदाखदा हसायचे.

माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या ड्राइव्हवेत जाऊन सुनावलं. "बोधनकर, तुम्ही माणूस आहात की कॅल्क्युलेटर? एकुलती एक मुलगी आहे! हप्त्यासाठी तिला त्या बर्फात पाठवताय? काही वाटतं की नाही?"

ते टायरमधली हवा बघत होते. वर न बघता म्हणाले, "तिचं मन तिकडेच आहे, वहिनी. गाडीत बोलली. पण तोंडानं जवळचं, जवळचं करून राहिली."

"मग तसं सांगा ना तिला सरळ!"

त्यावर त्यांनी पुढच्या टायरचं झाकण काढलं. मी पाय आपटत घरी आले.

ऑगस्टमध्ये रेवा गेली. हे दोघं तिला पोचवून परत आले. बोधनकर जाता-येता हात करायचे, लॉन कापायचे, सगळं जिथल्या तिथे. मला मनातून रागच होता. म्हटलं, या माणसाला झालंय तरी काय? एक सुस्कारासुद्धा नाही!

मग रिन्यूअलची तारीख आली. आमंत्रण आलं. मी जाणार नव्हते, पण सुषमा एकटी पडेल म्हणून गेले. सुधीर गावाला गेला होता. आम्ही तिघंच होतो. पोहे झाले, फोन टीपॉयवर आला. मी मनात म्हटलं, घे आता तुझं ते डिस्काउंट, जन्माची वाट पाहिलीस.

एजंटनं नेहमीचे प्रश्न सुरू केले. पत्ता तोच? हो. गाड्या त्याच? हो. मग त्यानं विचारलं, "अँड रेवा, सर? इज शी स्टिल लिव्हिंग ॲट होम?"

बोधनकरांनी चहाचा कप उचलला, खाली ठेवला.

"सर?"

"येस," ते म्हणाले. "ॲट होम."

मी सोफ्यावर पुढे सरकले.

"नो कॉलेज अवे फ्रॉम होम? बिकॉज देअर इज अ डिस्काउंट..." एजंट आपलं काम इमानानं करत होता.

"नो, नो. शी इज हिअर ओन्ली. एव्हरी डे शी इज ड्रायव्हिंग. इन द इव्हनिंग. विथ मी."

एजंटनं आकडा सांगितला. बोधनकर "ओके" म्हणाले. फोन बंद झाला. मी सुषमाकडे बघितलं, सुषमा माझ्याकडे. इन्शुरन्स कंपनीशी खोटं बोलणारे लोक मी ऐकलेत, पण जास्त पैसे भरायला खोटं बोलणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत मी हा एकच पाहिला.

"अहो," सुषमा कशीबशी म्हणाली, "शंभर मैलांचं डिस्काउंट? गावभर सांगत होते नं तुम्ही?"

"ते तिला जा म्हणायला होतं," बोधनकर म्हणाले. "दुसरं काय म्हणून सांगितलं असतं? मी जरा रडवेला झालो असतो, तर ती इथेच थांबली असती."

मग माझ्याकडे वळून, जणू मीच जाब विचारत होते अशा आवाजात म्हणाले, "त्यानं सरळ विचारलं नं, वहिनी. या घरात राहते का. राहत नाही, असं मी माझ्या तोंडानं कसं सांगू?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सुषमा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बोधनकरांचा चेहरा अजून टीपॉयवरच्या फोनकडेच होता. मी सगळ्यांचे कप उचलून आत नेले आणि पुन्हा चहा टाकला.