पाटाच्या पाण्यासारखी नर्स

सन १९३५ च्या उन्हाळ्यात नाशकातल्या गोदाकाठ सार्वजनिक शुश्रूषा मंडळाने मुंबईहून एक शिकलेली नर्स आणवली. माजिदाबाई तिचे नाव. मुदतीच्या तापाचा रोगी सांभाळण्यात तिचा हातखंडा होता. मंडळाच्या हद्दीत घरे बाराशे आणि नर्स एक. तेव्हा तिचे वाटप न्याय्य कसे व्हावे, हा प्रश्न सभेपुढे आला. ज्याच्या घरी आजारी माणूस असेल त्याच्याकडे तिने जावे, अशी एक सूचना निघाली. पण तीत धडधाकट माणसांवर उघड अन्याय होत असल्यामुळे ती एकमताने फेटाळण्यात आली.

तोडगा काढला बहिरूने. बहिरू हा झेंडू-शेवंतीचा मळेवाला आणि मंडळाचा सभासद.

"पाटाचं पानी कसं वाटतो आपन? बारीबारीनं. रान वलं असू दे का सुकं, बारी कुनी सोडतं का? सोडली की हक्क बुडाला. तसंच करा की."

टाळ्या पडल्या. घरनंबराप्रमाणे प्रत्येक घरास अर्धा दिवस नर्स, आणि बारी न घेणाऱ्याचा हक्क कायमचा रद्द, असा ठराव झाला.

श्रावणातल्या एका सोमवारी बारी बहिरूच्या घरी आली. घरात सगळे ठणठणीत होते.

"आजारी कोण आहे?" माजिदाबाईने विचारले.

"कुनी नाय. पन बारी आमची हाय. बसा."

ती बसली. बहिरूने घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात थर्मामीटर लावून घेतला. म्हशीचा नंबर आला तेव्हा बाईने हरकत घेतली. तिच्या कामातली ही उणीव बहिरूने पुढच्या सभेसाठी ध्यानात ठेवली.

गुरुवारी त्याची बायको सखुबाई तापली. आठ दिवस काढे झाले, मग डॉक्टर आले.

"मुदतीचा ताप. याला औषध नाही, शुश्रूषा हेच औषध. अंग पुसायचं, पातळ पेज मापानं द्यायची. घट्ट अन्नाचा एक घास दिलात तर आतडं फाटेल. शिकलेलं माणूस बसवा जवळ."

बहिरू धावत मंडळाच्या कचेरीत गेला. चिटणीस रावजींनी शांतपणे वही उघडली.

"तुझी बारी झाली. रविवार-सणवार वगळून पुढली सन सदतीसच्या श्रावणात."

"तवर बायको दम धरंल का, साहेब?"

"त्याबद्दल ठरावात काही नाही. बाकी ठराव फार सुरेख आहे हो तुझा. परगावाहून नकला मागताहेत."

त्या दिवशी नर्स बहिरूच्याच आळीत, अक्काबाईच्या घरी, लसूण सोलत बसली होती. बहिरूने हात जोडले.

"अक्काबाई, आजची बारी मला द्या. सखू तापात बरळतीया."

"आन् माझा हक्क?"

"तुमाला झालंय काय?"

"त्या सोमवारी तुला काय झालं व्हतं रं?"

हा मुद्दा बिनतोड होता. बहिरूचाच होता.

माजिदाबाईने लसूण खाली ठेवला. "अक्काबाई, मी जरा पाणी पिऊन येते."

"पानी हितं हाय की!"

"त्यांच्याकडचं थंड असतं."

पुढचे दोन आठवडे कुठल्याही घरी बसवले तरी बाईला तहान लागत असे, आणि ती बहिरूच्याच माठावर भागत असे. ती सखुबाईचे अंग पुसून काढी, कपाळावर पट्ट्या ठेवी, चमच्याने पेज पाजी. एकदा बहिरूने बायकोला ताकद यावी म्हणून दुधात भाकरी कुस्करली. बाईने ती वाटी उचलून म्हशीपुढे रिकामी केली.

"एक घास द्या, आणि मय्यत उचला," ती म्हणाली.

एकविसाव्या दिवशी ताप उतरला. सखुबाईने डोळे उघडून पहिले विचारले, "शेवंतीला पानी दिलं का?"

इकडे अक्काबाईची तक्रार दाखल झाली होती. तिच्या अर्ध्या दिवसात नर्स तब्बल चाळीस मिनिटे कमी भरली होती. चौकशी बसली. साक्षीला बहिरू.

"बाई तुझ्याकडे बारीबाहेर शुश्रूषेला येत होत्या?" रावजींनी विचारले. "विचार करून सांग. हो म्हणालास, तर बाई सुटतील, पण तेवढे तास तुझ्या सदतीसच्या बारीतून वजा होतील."

बहिरूने माजिदाबाईकडे पाहिले. ती त्याच्याकडेच पाहत होती.

"पानी प्यायला येत व्हत्या, साहेब," तो म्हणाला. "बाकी मला ठावं नाय."

कामावर असताना सतत पाणी पिणे या आरोपाखाली नर्सला कमी करण्यात आले. नाशिक रोडला गाडीत चढण्याआधी तिने सखुबाईला निरोप धाडला: आणखी आठ दिवस भाकरी नको.

नर्स गेली, पण बाराशे घरांचे हक्क कुठे जाणार? नवी नर्स मिळेपर्यंत कचेरीतली तिची खुर्ची घरोघर पाठवावी, असे ठरले. दोन हमाल ती अर्ध्या अर्ध्या दिवसाने हलवू लागले. सदतीसच्या श्रावणात ती बहिरूकडे आली तेव्हा पाव तास उशीर झाल्याबद्दल त्याने हमालांशी कडाक्याचे भांडण केले.

सखुबाई खुर्चीकडे पाहत राहिली. "हिच्यावर बसायची ती बाई कुठं गेली वो?"

"ते जाऊ दे," बहिरू म्हणाला. "तू बस. बारी वाया चाललीय."

हसू नका. यादीत तुमचाही घरनंबर आहे. शेजारच्या घरातून कण्हणे ऐकू येत असेल, आणि तेवढ्यात हमाल खुर्ची घेऊन तुमच्या दारात उभे राहतील. ती आत घ्यायची की पुढच्या दारी पाठवायची, हे तुम्हाला कोणी विचारणार नाही. विचारण्याआधीच तुम्ही दार पुरते उघडून म्हणाल, "जरा जपून आणा, पाय मोडेल तिचा."