किल्ली देणारा माणूस

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत चौबळकाका जिन्यात भेटले की आधी खुनाचं बोलतात, मग तब्येतीचं. परवा मी भाजीची पिशवी घेऊन चढत होते, तर वरून आवाज आला, "अहो, तुम्ही चांगल्या बाई आहात. तुम्ही परक्या माणसाला शेजाऱ्यांची किल्ली द्याल का?"

"मेथी निवडून झाली की सांगते," मी म्हटलं.

काका निवृत्त मास्तर. सध्या थरारक कादंबरी लिहितायत. इन्स्पेक्टर आणि खुनी चार दिवसांत तयार झाले. गाडी अडली ती सखाराम या दुय्यम पात्रापाशी. त्याचा मित्र गावाला जाताना त्याच्याकडे घराची किल्ली ठेवतो, जशी आम्ही सगळे काकांकडे ठेवतो, आणि हा ती खुन्याला देऊन बसतो.

"नुसता हरामखोर नकोय मला," काका म्हणतात. "वाचकाला त्याचा राग यावा आणि त्याला जेवायलाही वाढावंसं वाटावं."

त्यासाठी त्यांनी अख्खी बिल्डिंग वेठीला धरली. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनाच विचारलं, "तुम्ही कशासाठी फितूर व्हाल?" टाकीच्या गळतीचा विषय तिथेच राहिला. जोशीकाकूंनी सुचवलं, सखारामला आजारी आई द्या. काकांनी दिली आणि दोन दिवसांनी काढून घेतली. "आई आली की सगळंच माफ होतं हो. लबाडी आहे ती."

मग प्रकाशकाचा निरोप आला. अठराव्या प्रकरणात सखारामला मारा, पुस्तक लगेच काढतो. पंचाहत्तरीत पहिलं पुस्तक! मी म्हटलं, "मारून टाका की काका. सहा मुडदे पाडलेत, सातवा काय जड आहे?"

काका हसले नाहीत.

"मी दिलेली एकदा किल्ली," ते म्हणाले.

समोर तेव्हा वैद्य राहायचे. वीस वर्षं दोघांचा संध्याकाळचा चहा एकत्र. वैद्यांच्या मुलीने, मंजूने, स्वतःच लग्न ठरवलं. वैद्यांनी तिला मामाकडे धाडलं, तिची सगळी कागदपत्रं घरात ठेवून स्वतः गावाला गेले आणि किल्ली काकांकडे दिली. कोणालाही देऊ नका, मंजूला तर नाहीच, असं बजावून. दोन दिवसांनी मंजू काकांच्या दारात उभी राहिली. काकांनी किल्ली दिली. मंजू आज सुखात आहे. वैद्य मात्र ठाण्यात बाळकुमला राहायला गेले, ते काकांशी एक शब्द न बोलता.

"पोरीचं भलंच झालं. पण त्याने विश्वास टाकलेला माझ्यावर," काका म्हणाले. "अठराव्या प्रकरणात मित्र समोर येतो ना, तो काय बोलेल तेच सुचत नाही मला. ते कळल्याशिवाय मारू कसा सखारामला?"

"बाळकुमला जाऊन वैद्यांनाच विचारा."

काका उठले, पुन्हा बसले. "आणि त्याने दार उघडलंच नाही तर?"

"मी येते बरोबर," मी म्हटलं.

ते आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. बटणं एकेक घर चुकून लागली होती.