जाहिरातीवर दाबू नका!

"महिनाभर थांब, आई! मग या गावात कुणाचं कुलूप अडकलं, की त्याला आधी आपलं दुकान आठवेल. स्वतःचं नाव त्यानंतर!"

थोरली जेवता जेवता हे म्हणाली आणि हातातला चमचा तिने असा उंचावला, जणू समोर एकटी आई नसून भरगच्च मैदान बसलं असावं. तिच्या पाठीवर घरात कुणी आलंच नव्हतं, तरी सगळे तिला थोरलीच म्हणत. बोलण्याची ऐटच तशी होती.

वडील गेल्यावर तिने प्रकाशकाच्या कचेरीतली नोकरी सोडली आणि त्यांच्या कुलूप-किल्लीच्या दुकानाचं शटर उचललं. काम तिला येत होतं. शाळा सुटली की ती तिथेच किल्लीवर कानस घासत वाढली होती. येत नव्हतं ते गिऱ्हाईक! वडिलांना जाऊन तीन महिने होत आले होते आणि त्यांच्याबरोबर गावातली सगळी कुलपंही शहाण्यासारखी वागायला लागली होती.

आईचं म्हणणं सरळ होतं. "या महिन्यात दुकानाने स्वतःचं भाडं स्वतः काढलं, तर ठेवू. नाहीतर शेजारच्या रंगवाल्याला जागा देऊन टाकू. त्याला डबे ठेवायला गोदाम हवंच आहे." हे बोलताना ती ताटाकडे बघत होती. वडील गेल्यापासून ती दुकानाच्या पायरीवरही चढली नव्हती.

"तशी वेळच येणार नाही! मी नेटवर जाहिरात दिलीय. कुणी फोनवर कुलूप दुरुस्ती शोधली, की सगळ्यात वर आपण! आणि जाहिरात दाखवायचे पैसेच नाहीत!"

"फुकट?"

"म्हणजे, दाखवायचे नाहीत. कुणी तिच्यावर क्लिक केलं, की त्या क्लिकचे."

आईने घास हातातच ठेवला. "म्हणजे गिऱ्हाइकाने दारात येऊन नुसतं डोकावलं, तर डोकावल्याचे पैसे आपण त्याला द्यायचे?"

"त्याला नाही गं, कंपनीला."

"हे तर त्याहून वाईट!"

"अगं, मी रोजची मर्यादा घातलीय. तेवढे पैसे संपले की जाहिरात आपली आपण मिटते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते. खर्च माझ्या मुठीत आहे, मुठीत!" आणि तिने मूठ दाखवली. त्याच मुठीतल्या फोनवरून तिने नातेवाइकांच्या ग्रुपवर आनंदाने लिहूनही टाकलं: आपल्या दुकानाची जाहिरात सुरू झाली, शोधून बघा!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शटर उचललं, फोन उघडला आणि ती स्टुलावरून पडता पडता राहिली. क्लिक! एक नाही, दोन नाही, ढीगभर क्लिक! तिच्या डोळ्यांदेखत आकडा टॅक्सीच्या मीटरसारखा पळत होता. गाव जागं झालं होतं आणि जागं होताच कुलूपवाल्याला शोधत होतं! तिने घाईघाईने काउंटर पुसलं, अवजारांची पिशवी दाराशी आणून ठेवली, कोऱ्या किल्ल्या आकाराप्रमाणे लावल्या आणि पेन उघडून फोनसमोर बसली.

फोन वाजला नाही. ऑफिसांची दारं उघडायच्या आत दिवसाची मर्यादा संपली आणि जाहिरात मिटली.

"मर्यादाच कमी पडली!" थोरली स्वतःशीच म्हणाली. "एवढी मागणी, आणि आपण दार लावून बसलोय!" तिने मर्यादा दुप्पट केली. पैसे अर्थातच तिच्या जुन्या नोकरीच्या शिलकीतले.

दुसऱ्या दिवशी क्लिकही दुप्पट झाले! फोन मात्र ढिम्म. तिसऱ्या दिवशी तिने आणखी वाढवली. क्लिक वाढले. एव्हाना तिचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता आणि खातं सुतकातल्यासारखं बसलं होतं.

रंगवाला रोज मोजपट्टी घेऊन डोकावायचा. "सहज आलो हं, ताई. ही भिंत किती भरते, तेवढं बघतो."

"बघा, बघा! भिंत बघायचे पैसे नाहीत!"

चौथ्या दिवशी मात्र तिला कोडं पडलं. दुकानाचा नंबर बरोबर होता. पान नीट उघडत होतं. मग माणसं क्लिक करतात आणि फोन का करत नाहीत? विचार करता करता तिच्या डोक्यात वीज चमकली. शत्रू! कुणीतरी मुद्दाम दाबून दाबून आपले पैसे संपवतंय! आणि गावात कुलपाचं दुसरं दुकान एकच होतं, पुलापलीकडचं.

ती तडक पूल ओलांडून गेली. पुलापलीकडचा कुलूपवाला एका पेटीत तोंड घालून बसला होता.

"काका, लाज नाही वाटत?" थोरली दारातूनच कडाडली.

"वाटते की," पेटीतून आवाज आला. "तासभर झाला, हिचा खटका सापडत नाहीये." मग डोकं बाहेर आलं. "अगं, तू होय! बस, पोरी. चहा घेणार?"

"चहा नको! माझ्या जाहिरातीवर रोज सकाळी कोण दाबतं?"

त्याने खिशातून फोन काढला आणि काउंटरवर ठेवला. तो बटणांचा होता. त्यातलीही चार बटणं गेलेली होती आणि पाठीला दोरा गुंडाळलेला होता.

"याच्यावर फक्त फोन घेता येतो. लावता येत नाही. कशावर दाबू, सांग."

थोरलीने फोन उलटून पाहिला आणि परत ठेवला.

"आणि दाबता आलं असतं तरी? तुझ्या बापाच्या हाताखाली कानस धरायला शिकलो मी. त्याच्या दुकानावर बोट उगारीन?" तो पुन्हा पेटीत शिरला. आतून म्हणाला, "चहा घेऊनच जा."

तिने चहा घेतला. तो इतका गोड होता, की भांडायला आल्याची तिला आणखीच लाज वाटली.

दुकानात परत येऊन तिने जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. क्लिक कुठून येतात आणि केव्हा येतात, ते उघडून पाहिलं. जवळजवळ सगळे पहाटेपासून नाश्त्याच्या वेळेपर्यंतचे होते. आणि एकाच भागातले! त्या भागात एवढी कुलपं कुणाची अडकतात? कोण राहतं तिथे?

आत्या राहते!

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आत्याच्या दारात उभी राहिली. आत्याने गॅसवर दूध ठेवलं होतं आणि चष्मा लावून फोन नाकाजवळ धरला होता.

"थांब हं, बोलू नकोस. माझी पाळी आहे." आत्याने जीभ दातात धरून बोट टेकवलं. "हं! झालं. आजचं कर्तव्य पार पडलं."

"आत्या, हे काय केलंस?"

"तुझी जाहिरात दाबली! पहिल्या दिवसापासून चुकवलेली नाही. दूध ठेवलं, की आधी तू."

आतून आत्याचे यजमान आले. एके काळी ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. सोसायटीने बदलले, पण घरच्यांनी नाही; सगळे त्यांना अजून सेक्रेटरीच म्हणत. "आलीस? बरं झालं. अहवाल देतो. सुरुवातीला आपले लोक एकाच फोनवरून सारखे दाबायचे. मी चौकशी केली. एकाच माणसाने ओळीने दाबलेलं कंपनी धरत नाही म्हणे. सगळी मेहनत वाया! मग मी पाळ्या लावल्या. माणसं वेगळी, फोन वेगळे, वेळा वेगळ्या. माझं फिरायला जाणारं मंडळही घेतलंय. काल समोरच्या, तुझ्या मावशीच्या इमारतीने आपल्याला मागे टाकलं. पण उद्या बघच!"

थोरलीने भिंतीला हात टेकला. "सेक्रेटरीकाका, प्रत्येक वेळी दाबलं, की माझे पैसे जातात."

"जातात म्हणजे? येतात ना?"

"जातात. मी देते. प्रत्येकाचे."

दूध उतू गेलं. कुणीही हललं नाही.

"म्हणजे आम्ही," आत्या हळूच म्हणाली, "रोज पहाटे उठून तुझ्या खिशात हात घालत होतो?"

"तुम्हाला काय ठाऊक?"

"अगं, तुझे बाबा गेले, तेव्हापासून तुझ्याशी काय बोलावं तेच कळत नव्हतं. फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. मग तुझा तो मेसेज आला. म्हटलं, हे जमेल आपल्याला. निदान बोट तरी लावू." आत्याने गॅस बंद केला आणि पदराने डोळे पुसता पुसता चष्माही पुसला.

थोरलीने तिचा हात धरला. पण सेक्रेटरी अशा वेळी थांबणारे नव्हते. ते ताठ उभे राहिले. "चूक आमची, दुरुस्तीही आमची! आत्ता, या क्षणी सगळ्यांना कळवतो!" आणि त्यांनी लिहिलं: आपल्या दुकानाच्या जाहिरातीवर कुणीही क्लिक करू नये. थोरलीचे पैसे जातात. शंका असल्यास दुकानाच्या पुढील नंबरवर फोन करावा.

मजकूर स्वच्छ होता. चूक कुठे शोधायची म्हटली, तर फिरायला जाणाऱ्या मंडळात. मंडळाने तो उत्साहाने पुढे पाठवला. पुढच्यांना थोरली कोण ते माहीत नव्हतं, म्हणून कुणीतरी तिला गाळलं. त्याच्या पुढच्याने वर दुकानाचं नाव ठळक केलं आणि 'सावधान!' जोडलं. आणखी पुढे कुणीतरी एका बाईंचं खातं एका बोटात रिकामं झाल्याची हकीकतही घातली. दुकानाचा नंबर मात्र तसाच राहिला. थोरली दुकानात पोहोचेपर्यंत रंगवाला फोन नाचवत पायरीवर उभा होता.

"ताई, हे काय हो? गावभर झालंय! आता मी माप घ्यायचं, की पोलिसांना बोलवायचं?"

तिने वाचलं आणि ती मटकन स्टुलावर बसली. तेवढ्यात आई आली. पायरीपाशी क्षणभर थांबली, मग चढली. तिच्या हातातही फोन होता.

"बायका मला विचारतायत," आई म्हणाली. "इतकी वर्षं या दुकानाने कुणाचं कपाट उघडलं, तर आत नजर टाकली नाही. आणि आज म्हणे आपण लोकांचे पैसे काढतो! दुकान गेलं तरी चाललं असतं गं. त्यांचं नाव का घालवलंस?"

थोरली स्टुलावरून उठली. तोच फोन वाजला.

"पैसे परत करा!" पलीकडून एक गृहस्थ गरजले.

"तुमचे किती गेले?"

"अजून गेले नाहीत! पण जातील ना! मी काल क्लिक केलं होतं!"

"कशासाठी केलं होतं?"

"दार अडकलं होतं म्हणून!"

"मग? उघडलं?"

"नाही हो," गृहस्थ एकदम मऊ झाले. "खर्च कशाला म्हणून कालपासून खिडकीतून ये-जा करतोय. बायको बोलत नाहीये."

"पत्ता सांगा!"

तो फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा वाजला. एक शिक्षिका होत्या. त्यांनी फसवणुकीवर छोटंसं भाषण केलं आणि संपता संपता विचारलं, "तुम्ही खरोखरच कुलपं उघडता का? शाळेच्या ग्रंथालयाचं कपाट केव्हापासून बंद आहे." तिसरा दातांचा डॉक्टर होता. तो आधी चिडला, मग म्हणाला, की त्याच्या खणाची किल्ली आतच मोडलीय आणि खुर्चीवर पेशंट तोंड उघडून बसलाय!

थोरली पिशवी उचलून उभी राहिली. फोन पुन्हा वाजला. "आई, उचल!"

"मी? मी काय बोलू?"

"काय अडकलंय ते विचार, आणि पत्ता लिहून घे!"

ती पेशंटचं तोंड मिटवून, गृहस्थांना दारातून घरात नेऊन परत आली, तेव्हा आई काउंटरमागे वडिलांच्या खुर्चीत बसली होती. कागदावर पत्त्यांची रांग लागली होती. आई फोनवर ठणठणीत आवाजात सांगत होती, "हो, हो, तेच आम्ही! ते पैसे जाणारे! तुमचं काय अडकलंय?"

महिना संपायच्या आतच दुकानाने भाडं काढलं. थोरलीने जाहिरात पुन्हा लावली खरी, पण या वेळी मर्यादा छोटी ठेवली, वेळ दुपारची घेतली, आणि आत्या-मावशीचा भाग साफ वगळून टाकला. आत्या चार दिवस रुसली. मावशी पाच, तिला आत्याच्या पुढे राहायचं होतं.

"जागेचं मात्र आता जमणार नाही हो," आईने एके सकाळी रंगवाल्याला स्वतःच सांगून टाकलं. "दुकान राहतंय."

"राहू द्या हो, वहिनी. मी दुसरीकडे बघतोय." रंगवाला मान खाजवत घुटमळला. मग इकडेतिकडे बघून थोरलीच्या काउंटरवर वाकला आणि हळूच म्हणाला, "ताई, आमचाही धंदा जरा बसलाय. तेवढी आमची पण थोडी बदनामी करून द्या ना! खर्च किती येतो?"

थोरलीने पेन उघडलं, कोरा कागद पुढे ओढला आणि तज्ज्ञाच्या थाटात विचारलं, "आधी सांगा, तुम्हाला आत्या किती?"