हिरव्या दिव्यांची कचेरी

एका जंगलात एक कचेरी होती. जंगलात कचेरी कशाला, असं विचारू नका बाळांनो. कचेरीतल्यांनाही ते ठाऊक नव्हतं, आणि त्यांचं छान चाललं होतं.

कचेरीचे मुख्य होते गवेसाहेब. मुळात ते साधे गवेच, पण खुर्चीत बसल्यापासून साहेब झाले होते. दिवसपाळीला शेकरूबाई होत्या, रातपाळीला पंतकाका घुबड. सिंहमहाराज आतल्या दालनात असत. ते तिथे काय करत हे सांगता येत नाही, कारण दार बंद असे.

कचेरीत यंत्रं पुष्कळ होती आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. झेरॉक्सवर लाल दिवा लागला की ते चालू. प्रिंटरवर लाल दिवा लागला की तो बंद. संगणकाच्या बटणावर ‘विश्राम’ असं लिहिलेलं, तर कूलरच्या बटणावर नुसतंच एक वर्तुळ. एकदा शेकरूबाईंनी संगणकाला जरा विश्राम द्यावा म्हणून बटण दाबलं, तर महाराजांच्या वाढदिवसाचं निमंत्रण साफ पुसलं गेलं. तेव्हापासून कुणी कशाला हात लावत नसे. रात्री पंतकाकांना एकटा संगणक पुरे, पण बाकीची यंत्रंही सोबतीला घुरघुरत बसत.

आता ही यंत्रं चालत कशावर? तर तळ्याच्या पाण्यावर. तळ्याच्या बांधाला एक मोठं चाक होतं. पाणी चाकावर पडायचं, चाक फिरायचं, वीज तयार व्हायची आणि पाणी खाली दरीत निघून जायचं.

एके सकाळी भागाबाई पाणकोंबडी कचेरीत आली. तिचं घरटं तळ्यातल्या लव्हाळ्यात होतं, आणि घरट्यात अंडी होती.

“साहेब, पाणी फार उतरलंय,” ती म्हणाली. “घरट्याभोवती आता चिखल झालाय. आणखी थोडा वाळला की रानमांजर चालत येईल.”

गवेसाहेब मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, “शेकरूबाई, काम नसेल तेव्हा यंत्रं बंद ठेवत चला.”

“ठेवते की. कुठलं बटण दाबू तेवढं सांगा.”

गवेसाहेबांनी झेरॉक्सकडे पाहिलं. प्रिंटरकडे पाहिलं. मग त्यांनी समिती नेमली.

समितीने ठरवलं, की सगळ्या यंत्रांना एकसारखं बटण बसवायचं. यंत्र जागं असेल तर दिवा हिरवा, झोपलं असेल तर पिवळा. आणि झोपवायच्या बटणावर चंद्रकोर काढायची.

“चंद्र का म्हणून?” पंतकाका म्हणाले. ते दिवसा उठून आले होते, त्यामुळे आधीच चिडलेले होते.

“चंद्र म्हणजे झोप, काका. लहान पिल्लालाही कळतं,” शेकरूबाई म्हणाल्या.

“तुमच्या पिल्लाला कळत असेल. आमच्याकडे चंद्र उगवला की आई हाक मारून उठवते. सूर्य काढा.”

“सूर्य काढला तर मी सकाळी आल्याआल्या सगळं झोपवायचं का?”

वाद बरेच दिवस चालला. दोन बटणं बसवावीत, अशीही एक सूचना आली. तोवर पाणी आणखी उतरलं. शेवटी कोपऱ्यात बसलेली भागाबाई बोलली.

“पंतकाका, चंद्र वर आला की रानमांजर बाहेर पडतं. त्या वेळी मलाही झोप लागत नाही. तुम्ही जागे, मी जागी. यंत्र तेवढं झोपू दे.”

पंतकाकांनी मान पार मागे फिरवली.

“काढा चंद्र,” ते भिंतीकडे बघत म्हणाले.

बटणं बसली. संध्याकाळी शेकरूबाई एकेक चंद्र दाबत आणि कचेरी पिवळी होऊन शांत झोपे. तळं भरू लागलं. घरट्याभोवती पुन्हा पाणी आलं. रानमांजर काठावर येई, पाय भिजवून बघे आणि परत जाई. भागाबाईची पिल्लं अंड्यांतून सुखरूप बाहेर आली.

इथेच गोष्ट संपली असती, तर तुम्ही आणि मी दोघंही लवकर झोपलो असतो.

पण महाराजांच्या दालनातल्या कूलरला बटण बसवायचं राहिलं होतं. मिस्त्री गेला तर दारावरचा लांडगा म्हणाला, “महाराज कधी झोपत नाहीत. त्यांचा दिवा पिवळा दिसला तर प्रजा काय म्हणेल?” तेव्हा त्या कूलरला चंद्राशिवाय नुसता हिरवा दिवा बसवला, आणि तो कायमचा हिरवा राहिला.

दुसऱ्या दिवशी गवेसाहेबांना वाटलं, महाराज जागे असताना आपला दिवा पिवळा दिसणं बरं नाही. त्यांनी घरी जाताना चंद्र दाबला नाही. शेकरूबाईंनी ते पाहिलं. साहेब जागे आणि आपण तेवढ्या झोपलेल्या, हे त्यांनाही बरं दिसेना. त्यांनी झेरॉक्स, प्रिंटर, सगळंच हिरवं ठेवलं, आणि दुपारी प्रिंटरच्या उबेला डोकं टेकून त्या गाढ झोपू लागल्या.

पंतकाका तेवढे चंद्र दाबत राहिले. मग त्यांना मेमो आला: रातपाळीत यंत्रं झोपलेली आढळली, खुलासा करावा.

भागाबाई त्यांच्याकडे गेली. पाणी पुन्हा उतरलं होतं.

“भागाबाई, माझी निवृत्ती जवळ आली गं,” पंतकाका म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना. ते पिल्लांकडे बघत राहिले.

महिनाअखेर दूरच्या जंगलातून एक तरस तपासणीला आला. त्याने सगळी कचेरी फिरून पाहिली. दिवे हिरवे, सगळेच्या सगळे हिरवे.

“इतका एकसारखेपणा मी कुठेच पाहिला नाही,” तो म्हणाला. त्याने गवेसाहेबांना शाल दिली. टाळ्यांच्या आवाजाने शेकरूबाई जाग्या झाल्या आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

त्याच वेळी भागाबाई तळ्याच्या भेगाळलेल्या चिखलातून पलीकडच्या जंगलाकडे निघाली होती. पिल्लं मागून ओळीने चालत होती. त्या जंगलात तळं होतं, आणि कचेरी अजून उघडायची होती.

तात्पर्य: बाळांनो, झोप आली तर खुशाल झोपा. दिवा मात्र हिरवा ठेवा.