उणे चिन्ह

आमच्याकडच्या सत्यनारायणाला ऐन आरतीत ढोमणे काकांनी प्लगमध्ये व्होल्टेज मोजायच्या मीटरच्या दोन काड्या खुपसल्या. "व्होल्टेज पडून राहिलं गा. पहिले फ्रीज बंद करा, मग देवाले ओवाळा." भटजींची घंटी थांबली. तेव्हापासून काकांचं नाव काढलं की आमची सौ. तोंड वाकडं करते.

हुडकेश्वरला आमची भिंतीला भिंत. काका पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले, घरात एकटेच. 'कसे आहात' विचारलं तर म्हणतात, "मोजलं नाही." अशा माणसाशी बोलायचं तरी काय, सांगा.

त्यांचा सगळा संसार स्वतः लिहिलेल्या एका सॉफ्टवेअरशी. कोणत्याही कंपनीचं मीटर कॉम्प्युटरला जोडा, आकडे पडद्यावर येतात, आलेख निघतो. कंपन्या याचे पैसे घेतात. काकांचं फुकट, वर आतला कोडही जगाला उघडा. "झाकण काढूनच ठेवलं आहे. या, चूक काढा." चूक सापडली की कुठल्या कुठल्या देशांतून मेल यायचे. काका ते मला वाचून दाखवायचे आणि मी जांभया द्यायचो.

या उन्हाळ्यात एकदा गेलो तर काका घामाघूम होऊन पडद्यासमोर. कूलर लावायचंही भान नाही.

"सेल उलटा जोडला गा. आकड्याच्या आधी उणे चिन्ह यायले पाहिजे. येऊन नाही राहिलं."

"मग दुरुस्त करा न."

"मीच काढलं ते, मुद्दाम."

"काहून?"

"इतकी ढोबळ चूक. कोणी वापरत असन तर शिव्या तरी घालन." त्यांनी चष्मा पुसला. "दिवाळीपासून ठेवली आहे. एक मेल नाही."

मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्यावरच चिडलो. "कूलर लावा पहिले," म्हटलं आणि घरी आलो.

सौ.ला सांगितलं. तिनं तोंड वाकडं केलं नाही, आपला फोन माझ्यापुढं केला. मग म्हणाली, "माझ्या मेलवरून लिहा. माहेरच्या नावाचा आहे, त्यांना कळणार नाही."

लिहिलं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये उणे चिन्ह दिसत नाही, फार त्रास होतो.

फोन खाली ठेवायच्या आत उत्तर. 'क्षमस्व. चूक माझीच. आजच सुधारतो. आपलं मीटर कोणतं? मॉडेल कळवाल का?'

भिंतीपलीकडे कूलर सुरू झाल्याचा आवाज आला.

आमच्या घरात मीटर एकच, विजेचं, दाराबाहेर. पलीकडे काका वाट पाहत बसले होते, आणि काय लिहावं ते आम्हाला सुचेना.