भोइटेजींना मंजूर नाही

एक ठरावीक इंग्रजी गाणं चालू असताना कुणी पाय हलवून ताल धरला, की भोइटेजी उठतात, गाणं थांबवतात आणि पुन्हा पहिल्यापासून लावतात.

"अरे भिया, इथं माणसाचा घोडा चाललाय," ते म्हणतात, "आणि तुम्ही पाय काय हलवताय? कुणाच्या दारात मयत असेल तर तिथंपण हलवाल का?"

गाण्यात घोडा नाही. गाणं एका जुन्या मोटारीच्या बिघडलेल्या क्लचबद्दल आहे. पण हे भोइटेजींना सांगायची सोय नाही. सांगणाऱ्याकडे ते चष्म्यावरून बघतात आणि दोनच शब्द बोलतात, "मंजूर नाही." की विषय संपला.

संभाजीराव भोइटे इंदूरच्या स्नेहलतागंजमध्ये माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. वय अडुसष्ट. आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्यांच्या मिशा वारसाहक्काने नातवाकडे आल्या, घोडा काही आला नाही. नातवाने सारा जन्म सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढले. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "टाइमच नाही मिळाला" म्हणतात, आणि ज्या माणसाला रोज सकाळी पाऊण तास मिशा विंचरायला मिळतो त्याच्याकडून हे ऐकून आपण गप्प बसतो.

ते ज्या विलायती रॉक बँडचे भक्त आहेत, त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. माझा उच्चार चुकतो असं त्यांचं म्हणणं आहे, आणि मी लिहिलेलंसुद्धा त्यांना चुकीचंच ऐकू येतं. चार जणांचा बँड. त्यातले दोघे वारले, उरलेले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. आम्हीही चार जण. दर रविवारी सकाळी पलासियाला डॉक्टर जैनांच्या दवाखान्यात जमतो. जैन दातांचे डॉक्टर आहेत आणि त्यांच्या वेटिंग रूममधले स्पीकर साऱ्या इंदुरात नसतील असे आहेत. रविवारी दवाखाना बंद, पोहे येतात, शेव वरून वेगळी, आणि गाणी सुरू होतात. एकदा दाढ धरून आलेल्या एक बाई आतलं गिटारचं विव्हळणं ऐकून जिन्यावरूनच परत गेल्या. जैनसाहेब आजही त्यांची आठवण काढतात.

चौथ्या सुलभा मॅडम. कॉलेजात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. बँडची गाणी त्यांना शब्दन् शब्द पाठ. तरीही त्या रविवारी येतात आणि म्हणतात, "आज जरा 'जावई' लावा हो." कारण भोइटेजींनी प्रत्येक गाण्याला आपलं वेगळं नाव दिलेलं आहे आणि नकळत ती नावं आमच्या तोंडी बसली. 'जावई आला' हे खरं तर तुरुंगातून पळालेल्या कैद्याचं गाणं. 'मामीची भांडी' हे अंतराळात एकट्या पडलेल्या माणसाचं. 'आंधळा वकील' कशाचं आहे ते मॅडमनी दोनदा सांगितलं, पण मला आता वकीलच दिसतो.

नुसती नावं असती तर एक वेळ चाललं असतं. भोइटेजींकडे प्रत्येक गाण्याचा ओळीवार अर्थ आहे. डोळे मिटून सांगतात. घोड्याच्या गाण्यात म्हणे घोडदळ मोडलं, सरकारी माणूस घोडा न्यायला आला, आणि शिपाई फाटकात उभा राहून त्याला नावाने हाक मारतो. घोडा वळून बघतो. "इथं बघा, इथं वळला," असं म्हणत भोइटेजी बोट वर करतात. तिथे ड्रम एक ठोका चुकवतो. इतकी वर्षं ऐकतोय, आणि काय सांगू, खरंच वळल्यासारखा वाटतो.

एका पाडव्याला सुलभा मॅडमनी दोनशे पानी वही दिली. सगळ्या गाण्यांचे खरे अर्थ, मराठीत, स्वच्छ अक्षरात. आठवड्याने भोइटेजींनी वही परत केली. तिला खाकी कव्हर घातलेलं होतं.

"अक्षर फारच सुंदर, मॅडम," ते म्हणाले. "पण आतलं काही मंजूर नाही."

वर्षातून एकदा आमची मोजणी होते. प्रत्येकाने आपली पाच लाडकी आणि एक नावडतं गाणं सांगायचं. फळ्यावर लिहायचं, गेल्या वर्षीचं काय होतं ते आठवायचं आणि बदललं असेल तर कारण द्यायचं. माझं दर वर्षी बदलतं. भोइटेजींचं कधीच नाही. पहिलं घोड्याचं. आणि नावडतं म्हणजे बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं, जे रिक्षावाल्यालाही गुणगुणता येतं. डॉक्टर जैनांचं ते सर्वांत लाडकं.

"भोइटेजी, पूरी दुनिया इसको एक नंबर पे रखती है," जैन कळवळून म्हणतात.

"ठेवू दे. त्याला अर्थच नाही."

"अर्थ कैसे नहीं है?"

"नाही म्हणजे नाही. मंजूर नाही." आणि ते लागलं की भोइटेजी जिन्यात जाऊन उभे राहतात.

या वर्षी पलासियातल्याच एका कॅफेने या बँडच्या चाहत्यांची संध्याकाळ ठेवली. आवडतं-नावडतं गाणं, मतदान, माइकवर दोन शब्द. आम्ही चौघं गेलो. बाकी सगळी पंचविशीतली मंडळी, काळे टी-शर्ट. भोइटेजी पांढरा सदरा, इस्त्रीची पँट. पाळी आली तसे ते माइकपाशी गेले आणि घोड्याचं सांगू लागले. सरकारी माणूस, फाटक, हाक. पोरं आधी हसली, मग हळूहळू गप्प झाली. एक मुलगी तर डोळे पुसायला लागली होती. तेवढ्यात कार्यक्रम चालवणाऱ्या तरुणाने मागच्या पडद्यावर गाण्याचे शब्द झळकवले.

"अंकलजी, ये तो गाड़ी के क्लच पे है! घोड़ा कहाँ है इसमें?"

सगळा कॅफे हसून फुटला. टेबलं वाजली. भोइटेजींनी वळून पडदा वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. मग माइक तोंडाजवळ धरून म्हणाले, "मंजूर नाही." आणि पुन्हा हशा होण्याआधी जोडलं, "तुम्ही वाचताय. मी ऐकतोय. बस, इतनाच फरक आहे."

कुणीतरी हे सगळं मोबाइलवर टिपलं होतं. दोन दिवसांत ते गावभर फिरलं. भाजी घेताना, पानाच्या टपरीवर, मागून हाका यायला लागल्या, "अंकल, घोड़ा!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. भोइटेजी मात्र वळून, मिशीवर हात ठेवून, जास्त मोठ्याने ओरडायचे, "हां, घोडा! आहेच घोडा!" आणि सदऱ्याला आणखी कडक इस्त्री करून दुपारी पुन्हा त्याच टपरीवर जायचे.

चौथ्या दिवशी सकाळी मात्र ते माझ्या दारात उभे राहिले आणि मी घाबरलो. मिशा विंचरलेल्या नव्हत्या.

"बेटम्याला येता का माझ्याबरोबर? दादाचा फोन होता. नुसतं 'ये' म्हणाला."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ दौलतराव. बेटम्याला त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे, एवढंच मला माहीत होतं. बस धार रोडला लागली. भोइटेजी खिडकीकडे बघत बोलायला लागले.

"दादा तेव्हा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता. एक साहेब बदली होऊन जाताना रेकॉर्ड प्लेअर आणि सात रेकॉर्डी टाकून गेले, ते परत आलेच नाहीत. दादा घरी घेऊन आला. तो मिशनच्या शाळेत आठवीपर्यंत शिकलेला. घरात इंग्रजी फक्त त्यालाच येत होतं. संध्याकाळी रेकॉर्ड लावायचा आणि मला अर्थ सांगायचा."

"म्हणजे घोडा..."

"घोडा, जावई, मामी, सगळं दादाचं."

"आणि ते गाजलेलं?"

"ते आठव्या रेकॉर्डवर आहे. ती आली तोवर दादा लग्न करून बेटम्याला गेला होता. ते कुणी मला सांगितलंच नाही."

मग आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "भोइटेजी, खरा अर्थ तुम्हाला..."

"तीस वर्षं झाली," ते म्हणाले. "ऑफिसात डिक्शनरी होती. लंचमध्ये एकेक ओळ काढली. मॅडमच्या वहीत दोन चुकापण आहेत, मी बोललो नाही." मग माझ्याकडे वळले. चेहरा उतरलेला होता. "मला कुणी हसलं तर हसू दे, भिया. पण आता दादाला समजलं असणार की त्याचं चुकलं होतं. सगळ्या गावासमोर चुकलं."

दौलतराव दुकानाच्या मागच्या ओसरीवर बसले होते. ऐंशीला टेकलेले, तशाच मिशा, पण पार पांढऱ्या. समोर मोबाइल पालथा ठेवलेला. मला बसा म्हणाले, भावाला म्हणालेच नाहीत.

"गाडीचं गाणं आहे म्हणे ते."

"त्या पोराला काय समजतं, दादा! येडा आहे तो."

"पडद्यावर लिहिलेलं होतं. मी बघितलं. सुनेकडून तीनदा वाचून घेतलं." ते भावाकडे वळले. "संभा, मला तेव्हापण काही समजत नव्हतं. आठवीत इंग्रजीतच तर नापास झालो होतो. ओळीतला एखादा शब्द ओळखीचा लागायचा, बाकी गूं गूं. पण बाबा जाऊन महिनाच झाला होता. तू कुणाशी बोलत नव्हतास, जेवत नव्हतास. ती रेकॉर्ड लावली तर तू पहिल्यांदा तोंड उघडलंस. 'दादा, तो काय म्हणतोय?' आता मी काय म्हणणार? समजत नाही म्हणू? मग आजोबांचा घोडा घातला त्यात." त्यांनी मोबाइल दूर सरकवला. "आणि आज त्यापायी तुला लोक हसले."

भोइटेजी उभेच होते.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"गाडीचं आहे ते. क्लचचं."

"कधीपासून?"

"तीस वर्षं."

दौलतरावांचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल. "तीस वर्षं! अरे गाढवा, दर दिवाळीला येऊन विचारायचास, 'दादा, घोड्याचं सांग ना पुन्हा,' आणि मला वाटायचं, गेल्या वर्षीपेक्षा कमी सांगितलं तर तुला संशय येईल! आठ-आठ दिवस आधीपासून विचार करायचो मी. खोगीर घातलं, फाटक घातलं, तो वळतो ते तर मला एकदा दुकानात खत मोजताना सुचलं!"

"ते वळायचंच सगळ्यात भारी आहे, दादा."

"माहीत होतं तर बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर पुढच्या दिवाळीला सांगितलं असतंस का?"

दौलतरावांना हसू आलं ते आवरेना, आणि हसता हसता ठसका लागला, तसे भोइटेजी धावत जाऊन त्यांची पाठ चोळू लागले. मी त्या वेळी दुकानातल्या बियाणांची पाकिटं मन लावून वाचत होतो.

सूनबाईंनी जेवायला हाक मारली. दाल-बाफले होते, म्हणजे डाळ आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे. आम्ही तिघं ओळीने बसलो आणि पहिला घास घेण्याआधीच दौलतराव म्हणाले, "खरं सांगू? मला त्यातलं ते घोड्याचं कधीच आवडलं नाही. रडकं आहे. मला मामीचं आवडायचं."

"मामीचं?" भोइटेजी कडाडले. "मामीचं सातव्या नंबरवरपण नाही येत! त्यात तो मधेच अर्धा मिनिट नुसता शिट्टी वाजवतो!"

"शिट्टी नाही ती. भांडं पडल्याचा आवाज आहे."

"दादा, काहीपण सांगू नकोस हं आता!"

"तुला समजत नाही. मी सांगितलंय, मला माहीत."

दोघांचे आवाज चढत गेले. सूनबाई दारात येऊन बघून गेल्या. दौलतरावांचा उजवा हात थरथरत होता, बाफला बोटांत धरवत नव्हता. भोइटेजींनी भांडण न थांबवता, भावाच्या तोंडावरची नजरही न हलवता, त्यांचं ताट आपल्याकडे ओढलं, दोन्ही बाफले हाताने बारीक कुस्करले, त्यावर तूप आणि डाळ घातली, कालवलं आणि ताट परत त्यांच्यासमोर सरकवलं. दौलतरावही आंधळ्या वकिलाबद्दल काहीतरी ठासून सांगत होते. ते तसेच सांगत राहिले आणि जेवू लागले.